पद्मिनीचं इंजिन आठ महिने स्टँडवर: वापरानंतरचा अनुभव

बाबांची पद्मिनी गाडी १९८६ची, आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात तयार झालेली. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी कायमच्या बंद झाल्या, तेव्हा बाबा दिवसभर फारसं बोलले नव्हते. खासगी गाडीला ती बंदी नव्हती, पण आमची गाडी तशीही ऑइल पीत होती आणि चढ आला की दम टाकत होती. शेवटी गेल्या नोव्हेंबरात भांडुपच्या गाळ्यात इंजिन उतरवलं आणि तेव्हाच हा इंजिन स्टँड घेतला, म्हणजे उतरवलेलं इंजिन मागून धरून कमरेच्या उंचीवर ठेवणारी आणि ते फिरवू देणारी चाकांची लोखंडी घोडी. आता जुलै आहे, इंजिन अजून त्यावरच आहे.

घेतलेला स्टँड चार पायांचा, ४५० किलोचा. तीन पायांचा स्वस्त पडत होता, पण त्याचं पुढचं टोक एकाच चाकावर उभं असतं. इंजिन फिरवताना वजन एका बाजूला गेलं की तो कलंडायची भीती असते. हजार-दीड हजार जास्त गेले, त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. ४५० किलोच्या आकड्याने मात्र निश्चिंत होऊ नका. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन त्या वजनाच्या जवळपासही जात नाही, पण ते स्टँडच्या प्लेटच्या (इंजिनाच्या मागे बोल्टांनी लागणाऱ्या, चार हातांच्या फिरत्या प्लेटच्या) पुढे हवेत लटकत असतं, आणि सगळा ताण मागच्या चार बोल्टांवर येतो.

म्हणून सगळ्यात जास्त लिहायचंय ते बोल्टांबद्दल. स्टँडसोबत आलेल्या बोल्टांच्या डोक्यावर मजबुतीचा कसलाच आकडा नव्हता. ते मी बाजूला ठेवले, गिअरबॉक्सचा जुना बोल्ट नमुन्याला खिशात टाकून नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात गेलो आणि त्याच आट्यांचे, डोक्यावर ८.८ लिहिलेले नवे बोल्ट आणले. लांबी घेताना मात्र चुकलो. 'लांब असले तर बरंच' असं वाटलं आणि मी अर्धा इंच जास्तीचे घेतले.

इंजिनाच्या मागच्या टोकाचं क्लच आणि फ्लायव्हील (जड चाक) आधीच काढलं होतं, त्याशिवाय प्लेट बसतच नाही. इंजिन गर्डरच्या चेनकुप्पीला (साखळीने वजन उचलायच्या कप्पीला) टांगलेलं होतं. प्लेट स्टँडमधून काढून आधी इंजिनाला लावली. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण स्टँडमध्ये अडकवलेल्या प्लेटसमोर लटकतं इंजिन धरून भोकं जुळवणं म्हणजे बोटं गमावायची तयारी. चारही बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराला 'टक' वाजणाऱ्या पान्याने) आवळले, चारही वेळा 'टक' वाजलं. कुप्पी सैल करणार तेवढ्यात आमचे मेकॅनिक काका म्हणाले, "थांब. हात हलवून बघ." मी प्लेटचा एक हात धरला आणि तो सहज फिरला. बोल्ट भोकाच्या तळाला टेकला होता. रेंचला तो घट्ट लागत होता, पण प्लेट आणि ब्लॉक यांच्यात पकडच नव्हती. वजन आलं असतं तर काय झालं असतं, हा विचार त्या रात्री झोपू देत नव्हता.

काकांनी सायकलच्या स्पोकचा तुकडा भोकात घालून तळापर्यंतची खोली मोजली, त्यात प्लेटच्या हाताला असलेल्या नळीची आणि वायसरची जाडी मिळवली, आणि तळाला थोडी जागा राहील अशी लांबी काढली. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आहे, तिथे निदान बोल्टच्या जाडीइतके तरी आटे आत गेले पाहिजेत. अॅल्युमिनियमचा ब्लॉक असेल तर दीडपट ते दुप्पट. दुसऱ्या दिवशी पुन्हा नागदेवी.

दुसरी गोष्ट तोल. प्लेटचे हात असे पसरायचे की फिरणाऱ्या नळीचा मध्य इंजिनाच्या वजनाच्या मध्याशी जुळेल, म्हणजे साधारण क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) थोडा वर. तो जुळला की इंजिन एका हाताने फिरतं. आमचं छान जुळलं होतं, पण हेड (इंजिनाचा वरचा भाग) काढलं आणि गणित बदललं. फिरणं अडवणारी पिन काढताच इंजिन माझ्या हातातून झटक्याने फिरलं, फिरवायचा दांडा मनगटावर आपटला. तेव्हापासून नियम केलाय: भाग काढला किंवा घातला की पिन ओढण्याआधी दांडा दोन्ही हातांनी धरायचा, आणि भाऊ बाजूला उभा हवा. चेंबर (खालचं ऑइलचं पात्र) काढून इंजिन उलटं केलंत की क्रँक वर येतो, तेव्हा तर जास्तच जपा.

चाकांनी मला निराश केलं. पत्र्यासारखी पातळ, लहान. गाळ्याच्या कोब्यावर सांधा आला की अडतात, आणि वरचं वजन पुढे जात राहतं. डिसेंबरात एकदा मागचे दोन पाय बोटभर उचलले गेले होते. आता भरलेला स्टँड आम्ही जागचा हलवत नाही. हलवायचाच असेल तर इंजिन अगदी सरळ, जड बाजू खाली, आणि दोघांनी ढकलायचं. इतके दिवस एकाच जागी ठेवायचं म्हणून इंजिनाच्या पुढच्या टोकाखाली लाकडी ठोकळा आणि जॅकचा हलका आधार दिलाय, त्यामुळे मागच्या बोल्टांवरचा भार कमी झाला.

पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. जूनमध्ये आम्ही प्लास्टिक गुंडाळलं आणि आठवड्याने उघडलं तर आत दव. सिलिंडरच्या भिंतीवर तांबूस छटा दिसली तेव्हा पोटात गोळा आला. बारीक होती, निघाली. आता भिंतींना ऑइल चोपडतो, वरून जुनी सुती चादर, आणि दर रविवारी पुसून पुन्हा ऑइल. स्टँडचा स्वतःचा रंगही जोडांपाशी फुगलाय, तिथे घासून लाल प्रायमर मारला.

एक मर्यादा घेण्याआधी लक्षात घ्या: प्लेट मागेच बसते, त्यामुळे क्रँकच्या मागच्या ऑइल सीलपर्यंत नीट पोचता येत नाही आणि फ्लायव्हील स्टँडवर असताना बसवता येत नाही. ते काम पुन्हा कुप्पीला टांगूनच. पण बाकी इंजिन जमिनीवर टायरवर ठेवून, वाकून केलेल्या कामाशी याची तुलनाच नाही. रिंगा, बेअरिंग, सगळं कमरेच्या उंचीवर, उजेडात झालं. बासष्ट वर्षांच्या काकांनी खुर्चीत बसून मेन बेअरिंगच्या टोप्या आवळल्या, बाबा शेजारी एकेक आकडा वहीत लिहीत होते.

पुढच्या रविवारी चेंबर लागेल आणि इंजिन खाली येईल. त्यानंतर स्टँड मुलुंडच्या मित्राकडे जातोय, त्याच्या मारुती जिप्सीसाठी. तिचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा, म्हणून आमचे बोल्ट त्याला दिलेले नाहीत. स्पोकचा तुकडा तेवढा दिलाय.