क्षीरबला तेल आणि बधिर करंगळी: 11 महिन्यांनंतर

गेल्या पावसाळ्यात कर्वे रस्त्यावर स्कूटर घसरली आणि उजवं कोपर आपटलं. हाड वाचलं, कोपरामागून जाणारी अल्नर नस मात्र दुखावली. करंगळी बधिर, अनामिका अर्धी बधिर, चिमटीत जोर नाही. कणीक मळताना हाताची कड परातीला टेकलीय का, हे डोळ्यांनी बघावं लागे. एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो, ती तपासणी) आणि सोनोग्राफी झाली. नस तुटलेली नाही, चेचली गेलीय; आतले तंतू कोपरापासून खाली पुन्हा वाढत यायला हवेत. व्यायाम करा आणि वाट बघा, असं सर्जन म्हणाले. नुसती वाट बघणं आमच्या घरात कोणाला पटायचं! सासूबाई त्याच आठवड्यात मला सदाशिव पेठेतल्या त्यांच्या वैद्यांकडे घेऊन गेल्या.

वैद्यांनी क्षीरबला दिलं. चिकण्याचं (म्हणजे बला या वनस्पतीचं) मूळ, दूध आणि तिळाचं तेल. वास तिळाचा, मागून जरा करपलेल्या दुधाचा. ओढणीला लागला की जात नाही. रोज कोमट करून कोपरापासून बोटांपर्यंत वीस मिनिटं जिरवायचं, मग बोटं फाकवणं-मिटणं. "तेलानं नस लवकर वाढेल असं मी म्हणणार नाही," ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "पण बोटं आखडली तर नस येऊन तरी काय करणार?" वर बी-12 तपासायला लावलं. ते कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं, हा घोळ तेव्हापासूनच आहे.

पिंडस्वेदासाठी मी दुसरीकडे, एका पंचकर्म केंद्रात गेले. साठीचा तांदूळ दुधात आणि चिकण्याच्या काढ्यात शिजवून पुरचुंडीने शेकतात. फार सुख वाटतं. चौथ्या दिवशी नवीन मुलगी होती. "ताई, गरम लागतंय का?" मी म्हटलं, नाही. खरंच लागत नव्हतं! संध्याकाळी भांडी घासताना तळहाताच्या कडेला रुपयाएवढा फोड दिसला. दुखला नाही, म्हणूनच जास्त घाबरले. भरायला तीन आठवडे गेले. बधिर हाताला कोणी शेक देणार असेल, तर पुरचुंडी आधी चांगल्या हातावर लावून बघा, आणि "लागतंय का" या प्रश्नाला उत्तरच देऊ नका.

एका नातेवाइकांनी भस्मांच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. वैद्यांनी परत पाठवायला लावल्या. पारा आणि शिसं शरीरात साठलं तर नसाच बिघडतात, म्हणाले.

नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, असं सर्जननी सांगितलं होतं. शिंप्याच्या टेपने मोजलं, कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंत 38 सेंटीमीटर. म्हणजे वर्षाहून जास्त. दर महिन्याला नसेवर टिचक्या मारत जायचं, जिथे करंगळीत मुंग्या येतात तिथे बॉलपेनने खूण करायची आणि कोपरापासूनचं अंतर वहीत लिहायचं, हा नाद फिजिओथेरपिस्टबाईंनी लावला. दिवाळीत खूण कोपर आणि मनगटाच्या मध्यावर होती, आता मनगटाच्या खाली आलीय. वेग जवळपास सर्जननी सांगितला तेवढाच. तेलामुळे मिलिमीटरभरही वाढला असं मला म्हणवत नाही.

तरी सहावी बाटली सुरू आहे. महिन्याला साधारण 400 रुपये. बोटं आखडली नाहीत, थंडीत हात गारठून निळा पडायचा तो पडत नाही, आणि तेलाच्या निमित्ताने व्यायाम एकही दिवस चुकला नाही. नुसता व्यायाम असता तर मी आठवड्यात सोडला असता. अंगठा आणि तर्जनीमध्ये स्नायू वाळून पडलेला खड्डा अजून भरलेला नाही. परवा दोरीवरचा चिमटा उजव्या हाताने उघडला. प्लॅस्टिकचा. लाकडी अजून दाद देत नाही.