आठ महिने फ्लेमशॉट वापरून: शाळेच्या कामासाठी फुकटचं स्क्रीनशॉट टूल निवडताना काय बघितलं

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा टाकलं होतं, आता जानेवारी संपत आलाय, म्हणजे चांगले आठ महिने रोजचा वापर झालाय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहिलं असतं, आता कुठे अडतं तेही माहीत झालंय.

आधी माझं काम सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि केंद्रातल्या कुठल्याही शाळेत कॉम्प्युटरचं काही अडलं की फोन माझ्याकडे येतो. मुलांची माहिती पोर्टलवर भरायची, नावातली चूक दुरुस्त करायची, दुसऱ्या शाळेतून दाखला घेऊन आलेलं मूल ऑनलाइन आपल्या शाळेत घ्यायचं, असली कामं. फोनवर "वर डावीकडे तीन रेघा दिसतात का बाई, त्या दाबा, आता खाली या, अजून खाली" असं सांगण्यात अर्धा अर्धा तास जायचा आणि समोरच्या बाईंचा पण जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून ठरवलं की प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट काढायचा, त्यावर बाण आणि आकडे टाकायचे आणि मराठीत दोन शब्द लिहून पाठवायचं. आठवड्याला तीसेक स्क्रीनशॉट सहज होतात.

सुरुवातीला मी एक दुसरंच टूल वापरत होते, फुकट होतं पण ओपन सोर्स नव्हतं, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता येत नव्हता, नाव लिहीत नाही. त्यात सेव्हच्या शेजारीच अपलोडचं बटण. एकदा घाईत ते दाबलं गेलं आणि वर्गाची अख्खी यादी, नावं, जन्मतारखा, आधार नंबर, सगळं त्यांच्या सर्व्हरवर गेलं आणि एक छोटीशी लिंक हातात आली. लॉगिन केलेलं नव्हतं त्यामुळे डिलीट करायची सोय नाही. मेल केली, दुसऱ्या दिवशी परत केली, उत्तर आलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही हे खरं आहे, कारण ती माहिती माझी नव्हती, माझ्यावर विश्वास ठेवून आईबापांनी दिलेली होती. तेव्हापासून टूल निवडताना माझा पहिला प्रश्न एकच, हे चित्र मी सांगितल्याशिवाय माझ्या मशीनबाहेर जाईल का?

फ्लेमशॉट घेतलं ते म्हणून. जीपीएल 3 हे मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन्स आहे, कोड उघडा आहे, लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हीवर चालतं, जाहिरात नाही, अकाउंट नाही. आमच्या शाळेत लोकवर्गणीतून आलेले सहा जुने डेस्कटॉप आहेत, 4 जीबी रॅमवाले. ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा सपोर्ट संपणार होता आणि ही मशीनं विंडोज 11 घेणारी नव्हती, म्हणून चारांवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकली. तिथे सॉफ्टवेअर मॅनेजर उघडून फ्लेमशॉट शोधायचं आणि इन्स्टॉल दाबायचं, एवढंच. कुठल्या मशीनला किती कॉपी, कुठली की टाकायची, हा हिशोबच नाही, शाळेसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

फक्त एक काम हातानं करावं लागतं. प्रिंट स्क्रीनचं बटण मिंटच्या स्वतःच्या टूलला आधीच दिलेलं असतं, ते सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, मग शॉर्टकट्स इथे जाऊन काढायचं आणि खाली कस्टममध्ये नवीन शॉर्टकट करून कमांडच्या जागी फ्लेमशॉट, स्पेस, जीयूआय असं लिहायचं, सगळं इंग्रजी लहान अक्षरात. मग बटण दाबलं की स्क्रीन थोडी अंधारते, पाहिजे तेवढा भाग माउसनं ओढायचा आणि बाण, चौकोन, अक्षरं, आकडे अशी सगळी बटणं त्या भागाच्या कडेनेच उगवतात. वेगळी खिडकी उघडत नाही. काढलं, खुणा केल्या, कंट्रोल सी दाबलं, व्हॉट्सॲप वेबमध्ये पेस्ट केलं, संपलं. माउसचं चाक फिरवलं की रेघ जाड बारीक होते, राइट क्लिक केलं की रंगांचं वर्तुळ येतं, स्पेस दाबला की बाजूचं पॅनल. हे तीन लक्षात ठेवले की बाकी आपोआप येतं.

माझ्यासाठी सगळ्यात उपयोगी निघालं ते आकड्यांचं बटण. क्लिक करा, गोलात 1 येतो, दुसरीकडे क्लिक करा, 2 येतो. ज्या बाईंना संगणकाची धास्ती होती त्यांनासुद्धा "आधी 1 दाबा मग 2" हे लगेच कळतं, मला इंग्रजी बटणांची नावं उच्चारावीच लागत नाहीत. त्रास एवढाच की नवीन स्क्रीनशॉट काढला की मोजणी परत 1 पासून, त्यामुळे पाच पानांच्या प्रक्रियेत सलग आकडे हवे असतील तर जमत नाही, मी मग पानाला अ, ब, क असं अक्षर देते.

दुसरं पिन. निवडलेला तुकडा पिन केला की तो बाकी खिडक्यांच्या वर तरंगत राहतो. जनरल रजिस्टरचा स्कॅन उघडायचा, त्यातली एक ओळ पिन करायची आणि शेजारी फॉर्म भरत बसायचं, मागेपुढे खिडक्या बदलाव्या लागत नाहीत. डबल क्लिक केलं की तो तुकडा जातो. जन्मतारीख चुकायचं प्रमाण माझं तरी कमी झालंय, कारण नजर एकाच जागी राहते.

मराठी अक्षरांची मला धाकधूक होती कारण काही टूल्समध्ये जोडाक्षरं फुटतात, 'विद्यार्थी' लिहिलं की पाय मोडलेलं द् आणि वेगळं या असं काहीतरी उमटतं. इथे तसं झालं नाही, अक्षरं नीट जुळून येतात, आणि बाजूच्या पॅनलमध्ये फॉन्ट बदलता येतो. मी 'मुक्त' नावाचा फॉन्ट ठेवलाय, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलेला, तोही फुकट आणि खुल्या लायसन्सचा, लहान आकारातसुद्धा मात्रा आणि रफार वाचता येतात. टायपिंग मी टूलच्या आत करत बसत नाही, ठरलेली वाक्यं एका फाइलमध्ये लिहून ठेवलीत, तिथून कॉपी करून पेस्ट करते.

आता झाकायचं बोलू, कारण इथे बऱ्याच जणांची चूक होताना बघते. फ्लेमशॉटमध्ये पिक्सेलेटचं बटण आहे, म्हणजे मजकुराचे जाडे चौकोन होतात आणि वाचता येत नाही. दिसायला छान दिसतं पण आधार नंबर, बँक खाते नंबर यांच्यासाठी ते वापरू नका, अगदी कळकळीनं सांगते. त्यातला प्रत्येक चौकोन हा खालच्या पिक्सेलांची सरासरी असतो, आणि आकडे तर दहाच आहेत, 0 ते 9. त्याच फॉन्टमध्ये एकेक आकडा लिहून तसाच धूसर करायचा आणि कुठला जुळतो ते बघायचं, हे काम कॉम्प्युटर करतो. 2020 मध्ये डेपिक्स नावाचा असा प्रोग्रॅम उघड्यावर आला, त्यामुळे हे नुसतं पुस्तकातलं भय नाही. काळा मार्करही नको, मार्कर अर्धपारदर्शक असतो, ब्राइटनेस वाढवला की खालचं दिसू शकतं. भरीव चौकोन वापरायचा, आर दाबलं की येतो, रंग काळा. एस दाबलं तर नुसती चौकट येते, ती दाखवण्यासाठी आहे, झाकण्यासाठी नाही, हा फरक पहिल्याच दिवशी शिकून घ्या. आणि मूल ओळखायला नंबर लागणारच असेल तर शेवटचे चार आकडे उघडे ठेवून बाकीचे झाकते, मास्क्ड आधारवर असतं तसं.

चित्र कापण्यावर, म्हणजे क्रॉप करण्यावर, पण आंधळा भरवसा नको. 2023 मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनचं एडिटर आणि विंडोज 11 चं स्निपिंग टूल या दोन्हीत सापडलं होतं की चित्र कापून त्याच फाइलवर सेव्ह केलं तरी कापलेल्या भागाचा डेटा फाइलमध्ये मागे राहायचा. नंतर दुरुस्त झालं, पण तोवर पाठवलेल्या फाइली पाठवलेल्याच. म्हणून मी कापत बसत नाही, पहिल्यापासून हवा तेवढाच भाग निवडते, बाकीचं फाइलमध्ये येतच नाही.

माझ्याकडच्या फ्लेमशॉटमध्ये पण अपलोडचं बटण आहे बरं का, ते दाबलं तर चित्र इमगर या फोटो ठेवायच्या वेबसाइटवर पाठवतं. आधी विचारतं, पण मी ते बटण सेटिंगमधून लपवूनच टाकलं आणि शॉर्टकटही काढला, सहाही मशीनवर... म्हणजे जिथे फ्लेमशॉट आहे त्या चारांवर. हे करता येतं म्हणूनच मला ते आवडलं.

जिथे अडतं ते आता. एक, सेव्ह झालेलं चित्र परत उघडून त्यावर खुणा करता येत नाहीत. एखाद्या गुरुजींनी मोबाइलवरून फोटो पाठवला की "इथे एरर येतोय", त्यावर बाण काढायला फ्लेमशॉट उपयोगाचं नाही. त्यासाठी केस्निप ठेवलंय, तेही ओपन सोर्स, तिन्ही सिस्टीमवर चालतं, जुनं चित्र उघडतं, क्लिपबोर्डवरचं घेतं, आकड्यांचे गोलही आहेत. दिसायला थोडं गजबजलेलं आहे, पण एकच टूल ठेवायचं असेल आणि तुमचं काम आलेल्या फोटोंवर जास्त असेल तर तुम्ही केस्निपच घ्या. दोन, लांबलचक पान स्क्रोल करत एका चित्रात घेता येत नाही. तीन, व्हिडिओ नाही.

चार, उघडलेला मेनू. ड्रॉपडाउन उघडा असताना बटण दाबलं तर काहीच होत नाही, दोन दिवस मला वाटत होतं की बिघडलंय. कारण असं की तो मेनू उघडा असेपर्यंत कीबोर्ड त्यानं धरून ठेवलेला असतो, शॉर्टकट पोचतच नाही. उपाय, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करून द्यायच्या खिडकीत, त्याच कमांडपुढे डॅश डी आणि 4000 असं देऊन चालवायचं, म्हणजे चार सेकंद मिळतात, तेवढ्यात जाऊन मेनू उघडायचा. आकडा मिलिसेकंदात असतो, नुसतं 4 लिहिलं तर लगेच निघतो.

पाच, आणि हे महत्त्वाचं, वेलँड. लिनक्समध्ये स्क्रीनवर खिडक्या दाखवायचं काम करणाऱ्या दोन व्यवस्था आहेत, जुनी एक्स 11 आणि नवी वेलँड. मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप साधारण एक्स 11 वर चालतो म्हणून मला त्रास झाला नाही, पण माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर उबुंटू आहे, तिथे वेलँड, आणि वेलँडमध्ये कुठल्याही प्रोग्रॅमला परस्पर स्क्रीन बघायला देत नाहीत, परवानगी मागूनच. सुरक्षेच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, मला पटतं, पण फ्लेमशॉट तिथे अडखळतं, आणि स्केलिंग 125 टक्के केलेलं असेल तर चित्र भलतंच मोठं दिसतं. त्याला मी सांगितलं की उबुंटूचं स्वतःचंच वापर, त्याच्या ग्नोम डेस्कटॉपमध्ये आवृत्ती 42 पासून आलेलं आहे, प्रिंट स्क्रीन दाबलं की भाग निवडता येतो, व्हिडिओही होतो, खुणा करायच्या असतील तर पुढे केस्निपमध्ये पेस्ट कर. केडीई हा दुसरा डेस्कटॉप असेल तर त्याचं स्पेक्टॅकल, त्यात खुणा पण होतात.

विंडोजवाल्यांनी शेअरएक्स हे स्क्रीनशॉट टूल बघितलंच असेल. ताकद फ्लेमशॉटपेक्षा कितीतरी जास्त, स्क्रोलिंग, रेकॉर्डिंग, जिफ, सगळं आहे आणि जाहिरात नाही. मी पंधरा दिवस वापरून बघितलं, पण मेनू इतके की दुसऱ्या शिक्षकांच्या हातात द्यायची हिंमत झाली नाही. तुम्ही टाकणार असाल तर आधी कॅप्चरनंतर काय काय करायचं ती यादी उघडा आणि त्यात अपलोडवर टिक नाही ना ते बघा. ज्या दोन मशीनवर अजून विंडोज आहे तिथे ग्रीनशॉट ठेवलंय, विंडोजवर तेही मोफत आणि खुलं, हलकं आहे, आकडे आहेत, आधीच्या चित्रावर खुणा करता येतात. 2017 नंतर बरीच वर्षं त्याची मोठी आवृत्ती आली नव्हती म्हणून आधी मागे ठेवलं होतं, पण चालतंय व्यवस्थित.

शेवटी एक गोष्ट जी मला डिसेंबरात सापडली. फ्लेमशॉटचं चित्र फाइल न करता सरळ टेसेरॅक्टला, म्हणजे चित्रातला मजकूर वाचून टाइप केलेल्या अक्षरांत देणाऱ्या प्रोग्रॅमला, देता येतं, कमांडमध्ये डॅश डॅश रॉ लावायचं आणि भाषा म्हणून एमएआर सांगायची, मराठीचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. पत्रकं आपल्याकडे नेहमी स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये येतात, त्यातला एक परिच्छेद माउसनं निवडला की मराठी मजकूर टर्मिनलमध्ये हजर. धूसर झेरॉक्स असेल तर रफार आणि अनुस्वार तपासावे लागतात, पण पान टाइप करण्यापेक्षा दहापट बरं. शेजारच्या शाळेतल्या मॅडमना दाखवलं तर त्यांनी आधी स्वतःची वही काढून पायऱ्या लिहून घेतल्या आणि मग म्हणाल्या, याचेच पण 1, 2, 3 टाकून पाठव ना. कालच पाठवले, डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप दाबून टाकतं आणि बारीक अक्षरं जातात.