कौतुक, तारे की गटांचा खेळ? प्राथमिक वर्गासाठी तीन पद्धतींचा तुलनात्मक आढावा

शिक्षेचा धाक न दाखवता वर्ग शिस्तीत ठेवायचा असे ठरवणाऱ्या प्राथमिक शिक्षकापुढे प्रामुख्याने तीन पर्याय असतात: चांगल्या वर्तनाची तोंडी दखल घेणे, तारे किंवा टोकन देऊन ते साठल्यावर बक्षीस देणे, आणि संपूर्ण वर्गाचे गट पाडून वर्तनाचा खेळ खेळवणे. तिन्हींना संशोधनाचा आधार असल्यामुळे त्यांतील सर्वश्रेष्ठ पद्धत शोधण्यात अर्थ नाही. गोंधळ बहुसंख्य मुले करतात की मोजकी एक-दोन, आणि रोजच्या अध्यापनातून शिक्षकाला किती वेळ काढता येतो, या दोन गोष्टींवर निवड ठरते.

तोंडी दखल ही दिसायला सर्वांत सोपी, पण निभवायला सर्वांत अवघड पद्धत आहे. मॅडसन, बेकर आणि थॉमस यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वर्गाला केवळ नियम सांगून मुलांच्या वर्तनात जवळजवळ काहीच फरक पडला नाही. किरकोळ खोड्यांकडे दुर्लक्ष आणि योग्य वर्तनाचे कौतुक यांची जोड मिळाली तेव्हाच तो दिसला. त्याच सुमारास झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात शिक्षक ‘खाली बसा’ असे जितक्या जास्त वेळा म्हणत, तितकी जास्त मुले जागेवरून उठत असल्याचे आढळले. रागावणे हेही शिक्षकाचे लक्षच असते, आणि काही मुलांना तेवढे पुरते. म्हणून ही पद्धत निवडणाऱ्याने कौतुक नेमके करावे. ‘शाब्बास’ एवढे म्हटल्याने मुलाला आपले काय आवडले हे कळत नाही. ‘मित्राचे बोलणे पूर्ण होईपर्यंत तू थांबलास’ असे म्हटल्यावर कळते. या पद्धतीला खर्च नाही, नोंदवही नाही, आणि ती वर्षभर चालू ठेवता येते. मात्र दमलेल्या शिक्षकाकडून पहिल्यांदा हीच सुटते, आणि दुर्लक्षाचा नियम मारामारीला किंवा इजा होईल अशा वर्तनाला लावता येत नाही.

तारे आणि टोकन यांचा परिणाम लवकर दिसतो, आणि त्यांच्या लोकप्रियतेचे कारण बहुधा तेच आहे. १९६० च्या दशकात आयलॉन आणि अझ्रिन यांनी ही व्यवस्था मनोरुग्णालयातील प्रौढ रुग्णांसाठी पद्धतशीरपणे राबवली होती. शाळेच्या भिंतीवरचे रंगीत तक्ते पाहताना हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तिच्याविषयीचा महत्त्वाचा आक्षेप लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या १९७३ च्या प्रयोगावर आधारलेला आहे. मुळात चित्रे काढायला आवडणाऱ्या पूर्वप्राथमिक मुलांपैकी काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले गेले, आणि पुढे मोकळ्या वेळेत त्या मुलांची चित्रे काढण्यातली रुची घटलेली दिसली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची रुची घटली नाही. यावरून बक्षिसे सरसकट घातक ठरत नाहीत. जे काम मूल आपणहून करत नाही, तिथे गमावण्यासारखी रुची मुळातच नसते. परंतु वाचनाची गोडी लागलेल्या मुलाला पुस्तकामागे तारा देणे टाळलेले बरे.

तारे निवडायचेच असतील, तर ते एक-दोन ठरावीक वर्तनांपुरते आणि ठरावीक काळापुरते असावेत, प्रत्येक ताऱ्यासोबत नेमके कौतुक असावे, आणि सवय रुजू लागली की ताऱ्यांमधले अंतर हळूहळू वाढवत न्यावे. सर्वांना दिसेल अशा तक्त्यावर नावांपुढे तारे लावण्याच्या मी स्पष्ट विरोधात आहे, कारण त्या तक्त्यात तळाला कोण असणार हे पहिल्याच आठवड्यात वर्गाला कळते आणि ते मूल प्रयत्न सोडून देते.

संपूर्ण वर्गच गोंगाट करत असेल, तर गटांचा खेळ या दोन्हींपेक्षा सरस ठरतो. ‘गुड बिहेवियर गेम’ या नावाने बॅरिश, सॉन्डर्स आणि वुल्फ यांनी १९६९ मध्ये चौथीच्या वर्गातील प्रयोगातून तो मांडला. वर्गाचे दोन गट करायचे, नियम मोडला की त्या गटाच्या नावाने फळ्यावर खूण करायची, आणि कमी खुणांचा गट जिंकायचा; दोन्ही गट मर्यादेच्या आत राहिले तर दोन्ही जिंकतात. खेळ निवडक तासिकांपुरताच चालत असल्यामुळे नोंदींचा भार ताऱ्यांहून बराच कमी असतो. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १९८५-८६ पासून पहिलीच्या वर्गांत तो वापरला गेला आणि त्या मुलांचा तारुण्यापर्यंत मागोवा घेतला गेला. सुरुवातीला आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये पुढे व्यसनाधीनतेचे प्रमाण कमी आढळले. इतक्या लांबचा पुरावा वर्गव्यवस्थापनात क्वचितच मिळतो.

मूळ खेळ चुका मोजतो, त्यामुळे त्याला पूर्णपणे सकारात्मक म्हणता येत नाही. चांगल्या वर्तनाला गुण देणारी उलटी आवृत्तीही वापरात आहे आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने तीच घ्यावी. खरी जोखीम वेगळीच आहे: एका मुलामुळे गट हरू लागला की सारा रोष त्याच्यावर येतो. मूळ प्रयोगातही एका मुलाने आपण खेळणार नाही असे जाहीर केले होते, आणि अखेर त्याच्या खुणा गटाच्या हिशेबातून वगळाव्या लागल्या. अशा मुलाला आधीच वेगळे, स्वतःपुरते लक्ष्य द्यावे.

एकूण, शांत वर्गाला नेमके कौतुक पुरते, गोंगाटाच्या वर्गासाठी त्याला खेळाची जोड द्यावी, आणि तारे एखाद्या मुलाच्या विशिष्ट सवयीसाठी राखून ठेवावेत. तसे मूल समोर असेल, तर तारे सुरू करण्यापूर्वी ते कोणत्या तासिकेत, कोणत्या कामाच्या वेळी बिघडते याची काही दिवस नोंद ठेवावी. अवघड गणित टाळण्यासाठी दंगा करणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर पाठवले तर त्याला हवे तेच मिळते. त्याच्या बाबतीत बक्षिसाच्या आधी गणिताची पायरी सोपी करावी लागते.