कोल्हापुरी मिसळ: आधी कट चाखा, मग कालवा

कोल्हापुरात मिसळीची नावाजलेली ठिकाणं बरीच आहेत. फडतरे आणि बावडा ही नावं बाहेरगावच्यांनाही पाठ असतात. पण फडतरे ज्या शिवाजी उद्यमनगरात आहे, तो भाग फौंड्री आणि लेथ मशीनवाल्यांचा. कामावर निघालेल्या माणसाला झटपट, तिखट आणि दुपारपर्यंत टिकणारं खाणं लागतं, आणि इथल्या मिसळीचा घाट तसाच आहे. म्हणून ती सकाळीच खावी. उशिरा गेलात तर पुन्हापुन्हा उकळून खारट झालेला कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, पदरी पडायची भीती.

डिश आली की लगेच कालवू नका. चमचाभर कट नुसता प्या. आधी खोबरं-लसणाची चव लागून तिखट मागून चढलं, तर भट्टी जमली. पहिल्या घोटालाच ठसका लागला तर मसाला कच्चा आहे किंवा नुसती मिरचीपूड ओतलीय. कट पातळच हवा. दाट दिसला तर बेसन लावलंय असं समजा. पिठात तेल अडकतं, तर्री (वर तरंगणारं लाल तेल) वर येत नाही आणि गार झाल्यावर त्याचं पिठलं होतं.

घरी 6 जणांसाठी 3 कांदे, अर्धी वाटी सुकं खोबरं, 2 चमचे तीळ, 12-15 लसूण पाकळ्या, इंचभर आलं. खोबरं वेगळं भाजा, ते कांद्याआधी करपतं आणि सगळा कट कडू करतं. बाकीचंही भाजून सगळं एकत्र वाटा. पाऊण वाटी तेलात हे वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परता (इथेच बहुतेकांचा धीर सुटतो), मग 3 चमचे कांदा-लसूण चटणी, आणि लगेच दीड लिटर उकळतं पाणी. मंद आचेवर 20 मिनिटं.

मटकी बोटचेपी शिजलेली, पण अख्खी हवी. तळाला बटाट्याची भाजी, त्यावर मटकी, फरसाण, कांदा, कोथिंबीर. सोबत लादीपाव नाही, स्लाइस ब्रेड; कटात बुडवून लगेच तोंडात टाकायचा, थांबलात तर वाटीतच तुटतो.

जादा कट मागायला लाजू नका, तो मागायचाच असतो. चीज मिसळीच्या वाटेला मात्र जाऊ नका, चीज तर्री पिऊन टाकतं. पार्सल घेताना कट, मटकी आणि फरसाण वेगवेगळं बांधून मागा. एकत्र बांधलेली मिसळ घरी पोचेपर्यंत लगदा होते.