खिशातली वही: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

धाकट्या भावाच्या मोटारसायकल अपघाताला सव्वा वर्ष झाले. मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसल्यामुळे हातपाय सुधारले तरी नवी गोष्ट लक्षात ठेवणे आणि काम आपणहून सुरू करणे अजून जड जाते. थेरपिस्टने सुचवलेली वही जानेवारीपासून त्याच्या खिशात आहे. आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शेती करतो.

आधी तारखांची जाड डायरी घेतली, ती चूक होती. औषधे, निरोप आणि उसने पैसे एकाच पानावर गर्दी करत. मग दोऱ्याने शिवलेली साधी वही घेऊन करायचे काम, झालेले काम आणि निरोप असे तीनच भाग पाडले. मी लिहून देत होतो तोवर तो ती उघडतही नव्हता. स्वतः लिहू लागल्यावर सवय लागली, पण त्यालाही दोन महिने गेले.

वहीची खरी किंमत जुलैत कळली. कपाशीला युरिया देताना तो पाणी प्यायला बांधावर आला आणि परत जाऊन त्याच चार तासांना, म्हणजे कपाशीच्या ओळींना, पुन्हा खत टाकून बसला. तेव्हापासून तास संपला की धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, थांबून तो एक रेघ ओढतो. फवारणीच्या पंपाला मात्र मी त्याला हात लावू देत नाही. तिथे वहीच्या भरवशावर राहणे मला पटत नाही.

फिटच्या गोळीसाठी मोबाईलचा अलार्म लावला, पण तो अलार्म बंद करून गोळी विसरत असे. आता गोळी गिळल्यावरच अलार्म बंद करायचा आणि वहीत खूण करायची, असा नियम आहे.

आठवडी बाजारात गोंगाटाने तो लवकर थकतो, बोलणे अडखळते आणि अनोळखी माणसे त्याला प्यालेला समजतात. याचा त्रास त्याच्यापेक्षा आईला जास्त होतो, आणि त्यावर वहीचा काही इलाज नाही. म्हणून आम्ही सकाळी, गर्दीच्या आधी जातो; ओळखीचा भाजीवाला त्याचा हिशेब लिहून होईपर्यंत न बोलता थांबतो. खंजिरी भजनाची जुनी पदे त्याला तोंडपाठ आहेत. आज भजन कोणाकडे, एवढ्यासाठीच वही लागते.

पावसात पहिली वही भिजून गेली, त्यामुळे आता ती दुधाच्या पिशवीत असते. या महिन्यात वेचणी सुरू झाल्यावर काट्यावरचे आकडे तो लिहू लागला आहे, आणि संध्याकाळी दोन मजूर बाया आपापले किलो त्याच्याच वहीतून पडताळून जातात.