आयईएल्टीएसच्या निबंधासाठी चॅटजीपीटी: तपासायला घ्या, लिहायला नको

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत रायटिंग टास्क 2 मध्ये 40 मिनिटांत किमान 250 शब्दांचा निबंध लिहायचा असतो. रोज एक लिहिणं जमतं, पण रोज तपासून देणारं माणूस मिळत नाही. ही अडचण चॅटजीपीटी खरंच सोडवतं, आणि मोफत आवृत्तीत भागतं.

मात्र निबंध टाकून नुसतं ‘दुरुस्त कर’ म्हटलं, की ते अख्खा निबंधच नव्याने लिहून देतं. वाचायला छान वाटतो, पण आपलं नेमकं काय चुकलं ते त्यात हरवतं. म्हणून आधी घड्याळ लावून स्वतः लिहा आणि मग मराठीतच सांगा: ‘निबंध पुन्हा लिहू नकोस. जास्तीत जास्त पाच चुका दाखव, कारण मराठीत सांग, दुरुस्ती मी करेन.’ यातलं ‘जास्तीत जास्त’ महत्त्वाचं. नाहीतर पाचाचा आकडा भरायला बरोबर वाक्यंही चुकीची ठरतात.

खरा फायदा कारणांत आहे. ‘आय लिव्ह इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’ हेच घ्या. ‘पाच वर्षांपासून’मधलं ‘पासून’ सरळ ‘सिन्स’ होऊन उतरतं. कालावधीला ‘फॉर’ हवं आणि क्रियापद ‘हॅव लिव्ह्ड’. ‘डिस्कस अबाउट’चंही तेच: आपण विषया‘बद्दल’ चर्चा करतो, म्हणून ‘अबाउट’ घुसतं. मराठीत आर्टिकल नाहीच, त्यामुळे ‘अ’ आणि ‘द’ सारखे गळतात. ग्रामरली हे इंग्रजी तपासणारं अ‍ॅप अशा जागा चटकन अधोरेखित करतं, स्पेलिंगला ते उत्तम. पण चूक मराठीतून कशी आली, हे चॅटजीपीटीला विचारता येतं.

त्याने दिलेल्या बँडवर, म्हणजे आयईएल्टीएसच्या गुणांच्या अंदाजावर, मात्र विसंबू नका. तोच निबंध नव्या चॅटमध्ये टाकला की आकडा बदलू शकतो. त्यापेक्षा चारही निकष वेगवेगळे विचारा: प्रश्नाच्या सगळ्या भागांना उत्तर दिलंय का, परिच्छेदांची जुळणी, शब्दसंपदा, व्याकरण. चौघांना वजन सारखंच असतं. शब्द वर्डमध्ये मोजा, चॅटजीपीटीची मोजणी चुकते. उदाहरण मागितलं तर कधी न झालेल्या सर्वेक्षणाची टक्केवारीही ते ठोकून देतं. ती निबंधात घेऊ नका.

परीक्षा संगणकावर दिली तरी तिथे स्पेलचेक नसतो. म्हणून दुरुस्त वाक्यं वहीत हाताने उतरवा, आठवड्याने तोच विषय काहीही न उघडता पुन्हा लिहा, आणि दोन्ही निबंध शेजारी ठेवून आर्टिकलच्या चुका मोजा.