ग्लुकोमीटर: आठ महिने आणि शंभरेक स्ट्रिपनंतर

ग्लुकोमीटर म्हणजे बोटातल्या थेंबभर रक्तातली साखर घरीच मोजायचं मशिन, आणि तो थेंब ज्या पट्टीवर घ्यायचा ती एकदाच वापरायची स्ट्रिप. मशिन स्वस्त, स्ट्रिप महाग, हे विकत घेतानाच कळतं. वापरून वापरून कळतं ते हे की विचित्र आकडा आला तर बहुतेक वेळा मशिनचा दोष नसतो. बोट, स्ट्रिपची बाटली किंवा घड्याळ, यांतलं काहीतरी चुकलेलं असतं.

आधी बोट. आंबा खाऊन हात नुसते फडक्याला पुसले आणि टोचलं, तर स्क्रीनवर २५० सुद्धा दिसू शकतं (इथले साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये). थेंब असतो जेमतेम मायक्रोलिटरभर, त्यात बोटावरचा रस मिसळला की संपलंच. स्पिरिटच्या बोळ्याने तो रस नीट निघत नाही. साबण आणि वाहतं पाणीच हवं, आणि मग बोट पूर्ण कोरडं करायचं. ओल्या बोटावर थेंब पसरतो आणि रक्त पातळ होऊन आकडा खाली येतो. उलट धोका जास्त वाईट: घाम फुटलाय, हात थरथरतायत, आणि चिकट बोटामुळे खरी ६० असलेली साखर १४० दिसली, तर माणूस निवांत बसून राहतो. (७० च्या खाली गेल्यावर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. बिस्किट किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर उशिरा चढते.)

टोचायचं टोकाला नाही, बोटाच्या कडेला. तिथे दुखतं कमी. टोचायच्या पेनवरची खोली २ पासून सुरू करावी, कातडी जाड असेल तर ३ किंवा ४. रक्त येईना म्हणून बोटाचं टोक पिळणं ही सगळ्यात सर्रास चूक. रक्ताबरोबर पेशींभोवतालचं पाणीही बाहेर येतं आणि आकडा चुकतो. त्यापेक्षा टोचण्याआधी हात अर्धा मिनिट खाली सोडावा, तळव्याकडून बोटाकडे हलकेच चोळत यावं. पहिला थेंब कोरड्या कापसाने टिपून दुसरा घ्यावा. स्ट्रिपची कड थेंबाला नुसती टेकवली की ती रक्त ओढून घेते. थेंब कमी पडला म्हणून वरून आणखी लावलं तर एरर, आणि स्ट्रिप वाया.

स्ट्रिपना दमट हवा सोसत नाही. बाटलीत ओल शोषणारा पदार्थ असतो, म्हणून स्ट्रिप काढली की झाकण लगेच बंद. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे विसरूच नये. फ्रिजमध्ये ठेवू नये, उन्हातल्या गाडीतही नाही. बाटली उघडल्याची तारीख पेनने वर लिहावी. बऱ्याच कंपन्यांची मुदत उघडल्यापासून तीन महिने असते. आठवड्याला दोनदाच तपासणाऱ्याला २५ ची बाटली जवळपास तेवढीच पुरते. ५० ची एकच मोठी बाटली स्वस्त वाटते, पण निम्मी फेकावी लागते.

‘जेवणानंतर दोन तास’ हे पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. आणि रोज उपाशीपोटीचाच आकडा घेत बसण्यात फारसा अर्थ नाही. एकाच जेवणाआधी आणि नंतर अशी जोडी घेतली तर भाताने किती चढते आणि भाकरीने किती, ते दिसतं.

लॅबशी पडताळा उपाशीपोटीच करावा, शिरेतून रक्त काढल्यावर पाच मिनिटांत. जेवणानंतर बोटातली साखर शिरेतल्यापेक्षा जास्त असते, तेव्हा तुलना फसते. २०१३ च्या आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संस्था) मानकाप्रमाणे १०० च्या वर १५ टक्के फरक चालतो. लॅबमध्ये १२० आली आणि मशिनवर १०२ ते १३८ मधलं काहीही, तर मशिन ठीक. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर मात्र आकडा खऱ्यापेक्षा वर येतो. डॉक्टरांना तसं सांगावं.

तक्रार एकच, पण वैताग आणणारी: बटण सेल बदलला की तारीख-वेळ पुसली जाते. ती पुन्हा लावली नाही तर मेमरीतली पुढची सगळी रीडिंग निरुपयोगी. वहीत लिहिलेलं बरं. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून. नुसत्या कचऱ्यात टाकल्या तर कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागतात.